ग्रँट मेडिकलचे पहिले आठ



या गावात बोलताना गाडगेबाबांचे नाव प्रथम घ्यावे, हा येथील रिवाज आहे आणि आजच्या विषयालाही तो सोयीचाच आहे. बाबांचे बालपण आपल्याच तालुक्यातील दापुऱ्याला मामाकडे गुरे राखण्यात आणि शेतात राबण्यात गेले, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. बाबांची धर्मशाळा म्हटली म्हणजे नाशिक, पंढरपूर, आळंदी अशी क्षेत्रे डोळ्यांपुढे येतात. पण मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरातही बाबांनी धर्मशाळा उभी करविली. तेथे कोणतीही मूर्ती नाही, कोणतीही नदी नाही. आजारी माणसाला घेऊन परगावाहून आलेल्या नातेवाइकाने रात्री फुटपाथवर पथारी टाकू नये, एवढ्यासाठी ती धर्मशाळा. क्षेत्र कशाला म्हणावे याविषयी बाबांचे मत फार स्पष्ट होते.

ज्या रुग्णालयाच्या सावलीत ही धर्मशाळा उभी राहिली, त्याच रुग्णालयात बाबांच्या जन्माच्या तीस वर्षे आधी काही तरुण विद्यार्थी वैद्यक शिकावयास बसले. पुढे त्यांतील आठजण पश्चिम भारतातील विद्यालयीन शिक्षण घेतलेले पहिले पदवीधर डॉक्टर झाले. या आठ सहाध्यायांची हकिगत आज सांगावयाची आहे. आठांचीही नावे एका दमात घेणारा माणूस आज डॉक्टरांतही विरळाच. एकाचे नाव मुंबईच्या संग्रहालयावर आहे म्हणून ते तेवढे टिकले. बाकीच्यांना काळाने पोटात घेतले.

प्रारंभ थोडा मागून करावा लागेल. मुंबईत वैद्यक शिकविण्याचा पहिला प्रयत्न १८२६ चा. जॉन मॅक्लेनन नावाचे एक सर्जन होते, त्यांच्याकडे सरकारने देशी मुलांसाठी एक वैद्यकशाळा सोपविली. या शाळेची गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे ती अशी, की तिचे शिक्षण देशी भाषांतून होते. मॅक्लेननसाहेबांनी मराठीत आणि गुजरातीत पुस्तके उतरवून घेतली, आणि त्यांवरून मुले शरीररचना व औषधे शिकू लागली. शाळा सहा वर्षे चालली आणि १८३२ साली सरकारने ती बंद केली. अपेक्षित फळ आले नाही, हे कारण. सहा वर्षांत वैद्यकाचे फळ येत नसते, हे सांगावयास कोणी वैद्य नको, माळीही सांगेल. पण त्या काळी वारेच वेगळे वाहत होते. १८३५ साली बेंटिंक साहेबाने कलकत्त्यातील देशी वैद्यकशाळा मोडून तेथे इंग्रजी माध्यमाचे मेडिकल कॉलेज काढले. आता पाश्चात्त्य वैद्यक शिकावयाचे तर इंग्रजीतूनच, असे ठरून गेले होते.

त्याच १८३५ साली मुंबईस रॉबर्ट ग्रँट हे गव्हर्नर म्हणून आले. मुंबईला चांगले वैद्यक विद्यालय हवे, असे त्यांच्या मनाने घेतले. पण ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. जुलै १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडी येथे त्यांचा अंत झाला. स्मारक म्हणून पुतळा उभारावा, ही अशा वेळची नेहमीची रीत. मुंबईच्या नागरिकांनी तसे न करता वैद्यक विद्यालयासाठी वर्गणी जमविली, ही त्या शहराची शहाणीव म्हटली पाहिजे. सर जमशेटजी जिजीभाई यांनी रुग्णालयासाठी लाख रुपये दिले. रुग्णालय आणि विद्यालय शेजारी शेजारी उभी राहिली, आणि १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. प्रमुख होते डॉ. चार्ल्स मोरहेड. शिस्तीचे करडे, परंतु विद्यार्थी केवळ पुस्तकावर शिकता कामा नये, त्याने रुग्णाच्या खाटेशी उभे राहिले पाहिजे, असा आग्रह धरणारे ते गुरू होते. हिंदुस्थानातील रोगांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ पुढे १८५६ साली प्रसिद्ध झाला, तो याच खाटांशी उभे राहून केलेल्या निरीक्षणांतून.

या वर्गात कोण बसले? आज बारावीनंतर सतरा-अठरा वर्षांचा मुलगा मेडिकलला जातो, तसे ते नव्हते. यांतील काहीजण आधीच शिकलेसवरलेले, विशीच्या पलीकडचे होते. भाऊ दाजी तर एल्फिन्स्टन विद्यालयात शिक्षक होते, मुलांना रसायन आणि पदार्थविज्ञान शिकवीत होते. काठेवाड व कच्छकडील कन्याहत्येच्या दुष्ट रूढीवर त्यांनी निबंध लिहून बक्षीस मिळविले होते, ते विद्यार्थिदशेतच. शिक्षकाची खुर्ची सोडून पुन्हा बाकावर बसावयाचे, तेही ज्या विद्येला समाजात अद्याप मान नाही अशा विद्येसाठी, ही साधी गोष्ट नव्हती.

मान नव्हता, याचे कारण शवविच्छेदन. प्रेताला हात लावला की स्नान करावे, ही आपल्या घराघरांतील रीत. येथे तर प्रेत चिरून त्यातील एकेक शीर ओळखावयाची, आणि संध्याकाळी घरी येऊन चारचौघांच्या पंक्तीला बसावयाचे. कलकत्त्याला मधुसूदन गुप्त या आयुर्वेदाच्या पंडिताने १८३६ साली हा बांध फोडला होता, त्याला दहा वर्षेही झाली नव्हती. सुश्रुताने पाण्यात कुजविलेले प्रेत कुशाच्या कुंचीने सोलून शरीराचे ज्ञान करून घ्यावे असे सांगितले आहे. म्हणजे ही विद्या आपल्या परंपरेला परकी नव्हती, मधल्या शतकांत आपण ती विसरलो होतो. एप्रन आणि हातमोजे यांची आजची सोय तेव्हा नव्हती. शिकताना बोटाला झालेली जखमही जिवावर बेतू शकत असे, कारण जंतू म्हणजे काय हेच अजून जगाला कळावयाचे होते.

१८५१ साली परीक्षा होऊन आठजण उत्तीर्ण झाले. मुंबई विद्यापीठ अजून स्थापन झालेले नव्हते, ते १८५७ चे. त्यामुळे यांची पदवी विद्यालयाचीच होती. ‘ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर’ एवढेच तिचे नाव. या आठांत तीन हिंदू होते, भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग आणि अनंत चंद्रोबा. तीन ख्रिस्ती, सेबास्टियन कार्व्हालो, पॉल गोम्स आणि जुझे कामिलो लिस्बोआ. आणि दोन पारशी, मेरवानजी सोराबजी व बरजोरजी दोराबजी. घरी वेगवेगळ्या भाषा बोलणारी आणि वेगवेगळ्या उपासनेची ही मुले एकाच प्रेतावर ओणवून शिकली. पदवी मिळाल्यावर पांगून जाण्याऐवजी विद्यालयाची एक वैद्यकसभा निघाली, आणि तीत हे जुने सोबती एकमेकांपुढे आपापल्या रुग्णांच्या हकिगती वाचू लागले. कोणता उपाय चालला, कोणता फसला, याची उघड चर्चा करण्याची ही सवय मुंबईत त्यांनी पाडली.

पदवीचा आनंद मात्र फार दिवस टिकावा अशी सरकारची व्यवस्था नव्हती. देशी पदवीधराला सरकारी नोकरीत जागा मिळे ती ‘सब असिस्टंट सर्जन’ची. असिस्टंट सर्जन युरोपियन असे, आणि त्याच्या हाताखाली हा. ज्याने मोरहेडसारख्या गुरूच्या कसोटीतून पदवी मिळविली, त्याने विलायतेहून नुकत्याच उतरलेल्या तरुणाचा मदतनीस व्हावयाचे. आठांपैकी काहींनी ही नोकरी पत्करली, आणि ती पत्करणे चूक होते असे म्हणण्याचा अधिकार आज कोणालाही नाही, कारण त्यांच्याच मार्फत गावोगाव दवाखाने उघडले. भाऊ दाजींनी मात्र थोड्याच काळात ती सोडली आणि स्वतःच्या नावाची पाटी लावली. देशी माणसाने सरकारी छत्राशिवाय पाश्चात्त्य वैद्यकाचा व्यवसाय करून दाखविणे, हे त्या वेळी राजकारणच होते. लगेच पुढच्या वर्षी, ऑगस्ट १८५२ मध्ये, बॉम्बे असोसिएशन ही पश्चिम भारतातील पहिली राजकीय संस्था निघाली, आणि तिच्या चिटणिसांत भाऊ दाजी होते, यात आश्चर्य ते काय?

भाऊ दाजींवर थोडे थांबावयास हवे. पूर्ण नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ च्या सुमाराचा, गोव्यात पेडण्याजवळच्या मांद्रे गावचा. वडील पोटासाठी मुंबईस आले, मातीच्या बाहुल्या करून विकीत. लहान भाऊ बुद्धिबळात मोठमोठ्यांना हरवीत असे. ती चलाखी गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर यांच्या दृष्टीस पडली आणि या मुलाला इंग्रजी शिकवा, असे त्यांनी वडिलांना सांगितले, असे चरित्रकार सांगतात. पुढे हाच बाहुल्या विकणाऱ्याचा मुलगा १८६९ साली मुंबईचा पहिला भारतीय शेरीफ झाला, आणि दोन वर्षांनी पुन्हा झाला. धाकटे बंधू नारायण दाजी हेही त्याच विद्यालयातून डॉक्टर झाले. दोघा भावांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. श्रीमंताकडून घ्यावयाचे आणि गरिबाकडून घ्यावयाचे नाही, हे त्यांचे अर्थशास्त्र होते. मोठमोठ्या संस्थांच्या अर्थसंकल्पांपेक्षा ते सोपे होते आणि चालतही होते.

डॉक्टरकीतून उरलेला वेळ हा माणूस शिलालेखांना देई. महाकवी कालिदासाचा काळ, जुनागढचा रुद्रदामनाचा लेख, अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख, असे कितीतरी विषय त्यांनी एशियाटिक सोसायटीपुढे मांडले. अजिंठ्याला ते १८६३ साली स्वतः गेले. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याचा लेख आहे. तो विद्वानांच्या नजरेस प्रथम भाऊ दाजींनी आणला. जुनागढचे भगवानलाल इंद्रजी हे तरुण पंडित त्यांनी पदरी ठेवले. भगवानलाल पायपीट करून देशभर हिंडत, लेखांचे ठसे घेत आणि भाऊंकडे आणीत. याचा सगळा खर्च रुग्णांच्या फीमधून होत असे. पुढे भगवानलालांना परदेशी विद्यापीठाने गौरविले, त्यामागे एका मुंबईकर डॉक्टरची नाडीपरीक्षा होती, हे ध्यानात ठेवावे. राणीच्या बागेतील जे संग्रहालय १८७२ साली खुले झाले, ज्याला १९७५ पासून भाऊ दाजींचे नाव आहे, त्याच्या उभारणीतही ते चिटणीस म्हणून होते.

१८६२ चा महाराज लायबल खटला त्या पिढीला हादरवून गेला. करसनदास मुळजी या सुधारकाने एका वल्लभपंथी महाराजांच्या आचरणावर लिहिले आणि महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. भाऊ दाजींनी या महाराजांना औषध दिले होते. न्यायालयाने विचारले तेव्हा काय तपासले, कोणता रोग आढळला, हे त्यांनी सांगितले. रुग्णाचे गुपित डॉक्टरने राखावे की न्यायासनापुढे खरे बोलावे, हा प्रश्न आजही सोपा नाही, आणि ज्यांना तो सोपा वाटतो त्यांनी भाऊंच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. मोठमोठे शेठ या महाराजांचे शिष्य होते, म्हणजे भाऊंचे संभाव्य रुग्णही होते. तरीही त्यांनी साक्ष दिली. धर्माच्या नावाखाली अधर्म चालत असेल तर तो धर्मनिष्ठानेच उघडा पाडावा, हे त्यांचे म्हणणे.

आणि आता आपल्या वऱ्हाडाचा संबंध. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस मँचेस्टरला जाणे बंद झाले आणि इंग्लंडची नजर इकडे वळली. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलेच होते. येथल्या काळ्या जमिनीतील कापूस मुंबईला सोन्याच्या भावाने जाऊ लागला. पैसा आला, त्याच्या मागे नव्या नव्या बँका आल्या, समुद्र बुजविण्याच्या कंपन्या आल्या, आणि शेअरचे वेड लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईतील मोठमोठी घराणी धुळीला मिळाली. भाऊ दाजीही त्यात बुडाले. आयुष्यभराची मिळकत गेली. निदानात सहसा न चुकणारा हा वैद्य, शेअरबाजाराच्या ज्वराचे निदान त्यालाही झाले नाही. आपल्या मूर्तिजापुरावरून नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ साली पोहोचली. तेव्हा कापसाची ती तेजी ओसरून गेली होती. गाडी उशिरा येण्याची या मार्गाची परंपरा इतकी जुनी आहे!

भाऊंच्या प्रकाशात बाकीचे सोबती झाकले गेले, म्हणून अनंत चंद्रोबांविषयी मुद्दाम सांगितले पाहिजे. देवीचा रोग म्हणजे काय, हे आज साठीच्या आतल्या माणसाला केवळ ऐकून माहीत असते. जुन्या पिढीतील व्रणांचे चेहरे आता दिसेनासे झाले. मुंबईत देवीची पहिली लस जून १८०२ मध्ये एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, देशातील ती पहिली. पण लस बाटलीत येत नसे. टोचलेल्या मुलाच्या दंडावर आठव्या दिवशी पुळी भरे, त्या पुळीतील पाणी घेऊन दुसऱ्या मुलाला टोचावयाचे, त्याचे तिसऱ्याला. दंडापासून दंडापर्यंत ही साखळी चालू ठेवावी लागे, एका आठवड्याचा खंड पडला की साखळी तुटली. कोणाच्या अंगातील पाणी आपल्या मुलाच्या अंगात घालावयाचे, हा आयांचा प्रश्न केवळ जातीचा नव्हता. एकाचा दुसरा रोग अशा टोचण्यातून पसरू शकत होता, आणि तो पसरल्याची उदाहरणे होती. गावात टोचणारा आला की मुलांना कोठारात दडविणाऱ्या बायकांना आपण अडाणी म्हणून हसतो, परंतु त्यांच्या भीतीत शहाणपणाचा एक अंश होता.

यावर उपाय असा, की लस माणसाच्या दंडावर न वाढवता कालवडीच्या अंगावर वाढवावयाची आणि थेट तिथून टोचावयाची. मुंबईत हा प्रकार १८६०च्या दशकाच्या अखेरीस रुळविण्याचे श्रेय अनंत चंद्रोबांकडे जाते. शहराच्या लस टोचणी खात्याचे ते प्रमुख होते. एका कालवडीपासून अनेकांना लस मिळे, साखळी तुटण्याची भीती संपली आणि दुसऱ्याचा रोग आपल्याला येईल ही धास्तीही गेली. अशा कामाला टाळ्या पडत नाहीत. जो मुलगा देवीने मेला नाही, त्याच्या आईला आपला मुलगा कोणामुळे वाचला हे कधीच कळत नसते. देशातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर केले. त्या लांब रस्त्यावरचा एक दगड या आठांतील एकाने बसविला आहे.

लिस्बोआ मूळचे गोव्याचे. डॉक्टरकीबरोबर त्यांना गवतांचे वेड लागले. मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींवर त्यांनी लिहिले, गवतांची यादी ग्रंथरूपाने केली. त्यांच्या पत्नीनेही गवतांवर अभ्यासपूर्ण लेख लिहिले, ही त्या काळी आणखी विरळ गोष्ट. गुरांना कोणते गवत चालते हे गाडगेबाबांच्या गोरक्षणाच्या गावात सांगण्याची गरज नाही, पण त्याचे शास्त्र नोंदविणाऱ्यांत जे. जे. मधून निघालेला एक डॉक्टर होता, एवढी नोंद राहावी. कार्व्हालो, गोम्स आणि दोन्ही पारशी सहाध्यायी आपापल्या मार्गाने रुग्णसेवा करीत राहिले.

आत्माराम पांडुरंग मात्र वेगळ्या घडणीचे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे त्यांचे थोरले बंधू. घर विद्येचे आणि वादाचेही. जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेचे प्रमुख दादोबा, आणि १८४१ सालीच वर्तमानपत्रातून कंपनी सरकारच्या लुटीवर कोरडे ओढणारे भास्कर पांडुरंग हे तिसरे भाऊ. आत्माराम दिवसभर रुग्ण पाहात आणि संध्याकाळी ईश्वराच्या स्वरूपावर चर्चा करीत. ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाजाची स्थापना झाली ती त्यांच्या घरी. मूर्तिपूजेविषयी प्रार्थना समाजाने घेतलेली भूमिका या सभेतील बहुतेकांना मान्य होणार नाही, आणि तसे होण्याची गरजही नाही. पण समाज शेकडो फुटींनी दुबळा झाला आहे, त्याला उपासनेने आणि शिक्षणाने एकत्र आणले पाहिजे, ही त्यामागची तळमळ परकी वाटण्याचे कारण नाही. तुकोबांच्या अभंगांनी भारलेली ती माणसे होती.

१८७८ साली सत्येंद्रनाथ ठाकूर यांनी आपल्या सतरा वर्षांच्या भावाला आत्मारामपंतांच्या घरी पाठविले. विलायतेस जाण्यापूर्वी मुलाला इंग्रजी चालीरीतींची ओळख व्हावी, हा हेतू. तो मुलगा रवींद्रनाथ. घरची मुलगी अन्नपूर्णा नुकतीच विलायतेहून परतली होती, तिने त्याला इंग्रजी शिकविले. रवींद्रनाथांनी तिला ‘नलिनी’ असे नाव दिले आणि म्हातारपणीही ते तिला विसरले नाहीत. डॉक्टरच्या दिवाणखान्याने बंगाल आणि महाराष्ट्र यांची गाठ घातली, ती अशी.

आत्मारामपंत पंचाहत्तरीपर्यंत जगले. भाऊ दाजी १८७४ मध्ये गेले, लिस्बोआ १८९७ मध्ये, आत्माराम १८९८ च्या एप्रिलमध्ये, प्लेगने मुंबई ओस पडत असताना. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत निसर्ग इतिहास संस्था स्थापन करण्यास आठ माणसे जमली. पुन्हा आठच, पण या वेळी सहा इंग्रज आणि दोन भारतीय. त्या दोघांतील एक साठीचे आत्माराम पांडुरंग, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. सभा भरली ती राणीच्या बागेतील संग्रहालयात. ती वास्तू उभी करण्यासाठी ज्याने वर्षानुवर्षे खटपट केली, तो शेजारच्या बाकावरचा सोबती जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

सखाराम अर्जुन हे पहिल्या आठांतले नव्हेत, पुढच्या पिढीतले, पण त्यांना टाळून ही गोष्ट पुरी होत नाही. १८३२ मध्ये मेलेली मराठी वैद्यकशाळा १८६१ मध्ये पुन्हा जिवंत झाली. ग्रँट मेडिकलमध्येच मराठी आणि गुजराती असे वर्ग सुरू झाले. दवाखान्यांना हाताशी माणसे हवी होती आणि प्रत्येकाला इंग्रजी शिकवीत बसण्यास सवड नव्हती, हे सरकारी कारण. शिकविणारे होते याच विद्यालयाचे पदवीधर, नारायण दाजी, सखाराम अर्जुन आणि इतर. पुस्तके नव्हती म्हणून त्यांनीच लिहिली. सखाराम अर्जुनांचे ‘वैद्यतत्त्व’ आणि ‘विवाहविज्ञान’ ही त्यांतीलच. ज्या काळात मराठी गद्य कथा-कादंबरीशी अडखळत होते, त्या काळात या माणसांनी फुप्फुस, धमनी, शोथ, प्रदर असे शब्द आयुर्वेदातून उचलून नव्या शास्त्राला बसविले, आणि जेथे जुना शब्द नीट बसेना तेथे नवा घडविला. भाषा शास्त्राला अपुरी पडते असे म्हणणाऱ्यांनी ती पुस्तके एकदा चाळावीत. भाषा अपुरी पडत नाही, बहुधा लिहिणारा आळशी असतो.

हा मराठी वर्ग पुढे पुण्याला गेला, १८७८ साली तेथे बैरामजी जिजीभाईंच्या नावाची वैद्यकशाळा निघाली, आणि कालांतराने तेथेही इंग्रजीच आली. त्यानंतर वैद्यक मराठीतून हा विषय केवळ परिसंवादापुरता उरला. मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये एम. बी. बी. एस.ची हिंदी पुस्तके प्रसिद्ध केली तेव्हा आपल्याकडे अनेकांनी भुवया उंचावल्या. वैद्यकाची भाषा इंग्रजी असावी की मराठी, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. परंतु मुंबईत हे होऊन गेले आहे, इंग्रजीत पदवी घेतलेल्यांनीच ते केले आहे, आणि ते करताना त्यांना आपली इंग्रजी विसरावी लागली नाही. आपल्या अकोल्याला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीला त्याआधीपासून पंजाबराव देशमुखांच्या नावाचे आहे. खेड्यातून आलेली म्हातारी पोटात ‘कळा येते’ की ‘मुरडा मारते’ हे सांगते, तेव्हा त्या दोहोंतला फरक तेथल्या तरुण डॉक्टराला कळतो का, ही परीक्षा मात्र कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नाही.

याच सखाराम अर्जुनांच्या घरी त्यांची सावत्र मुलगी रखमाबाई वाढली. बालपणी झालेल्या विवाहाचे नाते लादून घेण्यास नकार देणारी, आणि त्यासाठी तुरुंगवासाचीही तयारी दाखविणारी. तिचा खटला साऱ्या देशाने वाचला, लोकमान्य टिळक तिच्या विरुद्ध बाजूने लिहीत होते हेही खरे आहे. पण खटल्यानंतर ती लंडनला गेली, १८९४ साली डॉक्टर होऊन परतली, आणि सुरत व राजकोट येथे आयुष्यभर बाळंतिणींची सेवा केली. घरातला डॉक्टर काय करू शकतो, ते तिने डोळ्यांनी पाहिले होते.

आता कुष्ठरोगाचे तेवढे सांगावयाचे राहिले. भाऊ दाजींच्या दवाखान्यात कुष्ठरोगी येत. त्या काळी या रोगावर औषध नाही, असे युरोपातही मानले जात होते. रुग्णाला गावाबाहेर काढणे हाच उपचार. भाऊंनी सह्याद्रीच्या आणि गोव्याच्या रानात होणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल वापरून पाहण्यास सुरुवात केली. कोकणातील लोक त्वचारोगांवर ते पूर्वीपासून लावीतच असत. भाऊंनी ते पोटातून आणि वरून, पथ्यासह, महिनोन् महिने देऊन रुग्णांची नोंद ठेवली. चट्टे फिके पडले, बधिर कातडीला स्पर्श कळू लागला, अशी माणसे दूरदूरच्या लोकांनी येऊन पाहिली. औषध कोणते, हे मात्र ते सांगत नव्हते. पुरती खात्री झाल्यावाचून जाहीर करावयाचे नाही, हा त्यांचा निश्चय. समकालीन डॉक्टरांनी यावर टीका केली, आणि ती अगदीच अनाठायी होती असे म्हणवत नाही. ज्या वैद्यकसभेत सहाध्यायांनी आपले उपाय एकमेकांपुढे उघडे करण्याची शपथच जणू घेतली होती, तिच्या रीतीला हे सोडून होते. खात्री होण्याची वाट पाहता पाहता पक्षाघाताने भाऊंना गाठले, आणि ३१ मे १८७४ रोजी ते गेले.

औषधाचे नाव मागाहून बाहेर आले. त्या जातीच्या बियांचे तेल पुढे सत्तर वर्षे जगभर कुष्ठरोगावर वापरले गेले. १९४० च्या दशकात सल्फोन गटातील गोळ्या येईपर्यंत डॉक्टरांच्या हाती दुसरे काही नव्हते. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभे केले, ते त्या तेलाच्या आणि या गोळ्यांच्या सांध्यावर. गाडगेबाबा कुष्ठरोग्यांना स्वतःच्या हाताने न्हाऊ घालीत, ते त्याच्याही आधीपासून. आणि कडू कवठाची झाडे कोकणात ओढ्याकाठी अजून उभी आहेत, पावसाळ्याआधी त्यांची लाकडासारखी टणक फळे खाली पडतात.